रोज एक तास, झाडांमध्ये

(सकाळ. तळ्याकाठच्या झाडीतली पायवाट. सून पुढे, सासरे काठी टेकत मागे.)

सासरे : आणि शटरवर काय लिहून लावलंस?

सून : आज दुकान उशिरा उघडेल. एवढंच.

सासरे : उशिरा म्हणजे किती? लोकांना वेळ कळायला नको? एक्केचाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवतोय मी. आठच्या ठोक्याला शटर वर गेलं नाही असं दोनदाच झालं. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा, आणि...

सून : आणि सात महिन्यांपूर्वी. आज तिसऱ्यांदा. सांभाळा, वाटेत मूळ आलंय.

सासरे : दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. कोपऱ्यावरच्या मास्तरांना सकाळी इन्सुलिन लागतं, ते काय दारात ताटकळणार?

सून : काल संध्याकाळीच पोचवलंय त्यांच्याकडे.

सासरे : तुझं उत्तर तयारच असतं.

सून : दोन दिवस तयारी करतेय. तुम्ही काय काय म्हणाल ते सगळं पाठ केलंय. आता गुडघ्याचं येईल.

सासरे : गुडघा दुखतोच आहे.

सून : म्हणून तर रमतगमत चाललोय.

सासरे : रमायला आणि गमायला मी काय शाळेच्या सहलीला आलोय? ही झाडं पाहिली, ते पाणी पाहिलं. छान आहे. चल परत.

सून : बाबा, मंगळवारी तुम्ही त्या निळ्या छत्रीवाल्या बाईंना रक्तदाबाच्या दुप्पट ताकदीच्या गोळ्या दिल्यात.

सासरे : एकदा चूक झाली.

सून : मी पाहिलं म्हणून एकदाच झाली. त्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या होत्या. मी चपला न घालता पळाले आणि पिशवी परत आणली. त्यानंतर तुम्ही स्टुलावर बसलात ते शटर ओढेपर्यंत उठला नाहीत. जेवण तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. माझ्याशी बोलणं नाही, गिऱ्हाइकांशी नाही. मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

सासरे : कुठल्या?

सून : त्याच.

सासरे : त्यांच्याकडे कशाला? गावात दुसरे डॉक्टर नाहीत?

सून : आहेत. पण त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागलं असतं. मला ते आता होत नाही. ह्या बाईंना माहीत आहे.

सासरे : काय म्हणाल्या?

सून : रक्त तपासायचं. झोपेची हलकी गोळी, तीही पंधराच दिवस. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बोलायचं. आणि हे.

सासरे : हे म्हणजे?

सून : रोज एक तास, झाडांमध्ये. बाबा? थांबलात का?

सासरे : काही नाही. चल पुढे.

सून : हात धरू का?

सासरे : नको. चल म्हटलं ना.

सून : एक सांगते, मग तुम्हाला हवं तेवढं रागवा. घरातून एक माणूस गेला. दुसरा मला घालवायचा नाही. तुम्ही रोज थोडे थोडे चाललाय, मला दिसतंय ते. तेव्हा दिसलं नव्हतं. आता दिसतंय.

सासरे : म्हाताऱ्या माणसानं थोडं थोडं जाण्यात नवल काय आहे?

सून : नवल नाही. पण मी पाहत बसणार नाही. हा बघा, हा ओंडका. बसा इथं.

सासरे : ह्याच्यावर? ओला आहे.

सून : शाल घालते खाली. टेका. हां. इथंच बसायचा तो.

सासरे : इथं?

सून : ह्याच जागी. पाय असे पाण्याकडे सोडून. रविवारी मीही यायचे कधीकधी.

सासरे : तासभर काय करायचा?

सून : काही नाही.

सासरे : काही नाही कसं? पेपर, रेडिओ, काहीतरी असेल.

सून : बूट काढून ठेवायचा. मोजे त्यात कोंबायचा. मग बसायचा. पहिले दोन आठवडे पाण्याकडे पाठ करून बसायचा म्हणे, डोळे मिटून. मी यायला लागले तोवर तोंड पाण्याकडे फिरवलं होतं. ती काळी पाणकोंबडी दिसतेय का, लव्हाळ्याच्या कडेला, कपाळावर लाल? तिची पिल्लं मोजायचा. सहा होती. मग पाच झाली तेव्हा दिवसभर हळहळला.

सासरे : दुकानात कधी बोलला नाही पाणकोंबडीचं.

सून : दुकानात कुठं बोलणार? तुमच्या दुकानात बोलायचं तर आधी चिठ्ठी दाखवावी लागते.

सासरे : टोमणा मारलास.

सून : मारला. जरा गप्प बसा आता. दोघंही बसू.

सासरे : किती वेळ?

सून : घड्याळ पिशवीत टाका.

सासरे : पाणी हलतंय तरी किती. वारा तर नाही.

सून : मासे असतील.

सासरे : मासे असतील, हो...

(काही वेळानं.)

सासरे : काय गं?

सून : उठलात?

सासरे : झोपलो कुठं होतो?

सून : तुमची काठी घरंगळत पाण्यात गेली. मी उतरून काढून आणली. पाय बघा माझे, घोट्यापर्यंत चिखल.

सासरे : किती वेळ झाला?

सून : पंचवीस मिनिटं. घोरत होतात. समोरून जाणारे दोघं हसले.

सासरे : रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

सून : ठाऊक आहे. भिंतीपलीकडून तुमचं कुशीवर वळणं ऐकू येतं.

सासरे : म्हणजे तूही जागीच असतेस.

सून : हो.

राखणदार : नमस्कार, नमस्कार. बसा, उठू नका. ओंडक्यावर बऱ्याच दिवसांनी माणूस दिसला म्हणून आलो. मी राखणदार इथला. बाई, तुम्हाला पाहिल्यासारखं वाटतंय.

सून : रविवारी यायचे. पूर्वी.

राखणदार : हां, आठवाल्यांच्या बरोबर. चेहरे राहतात माझ्या ध्यानात, पण नावं नाही राहत. वेळा राहतात. सातवाले पळतात. साडेसातच्या दोघी जणी चालायला म्हणून येतात आणि फाटकापाशीच बोलत उभ्या राहतात. आठवाले बसायचे. तुम्ही कोण त्यांचे?

सासरे : बाप.

राखणदार : म्हणजे औषधांचं दुकान तुमचंच. मग तुमचेच उपकार म्हणायचे. माझ्या टाचा अशा फुटल्या होत्या, बूट घालवत नव्हता. एक दिवस त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिवळी डबी आणून हातावर ठेवली. म्हणाले, रात्री पाय धुऊन, पुसून लावायचं, वरून मोजे. पंधरा दिवसांत टाच लोण्यासारखी.

सासरे : युरियाचं मलम. बरोबर दिलं त्यानं.

राखणदार : तेच असेल. फार कमी बोलायचे, पण बोलले की माणसाला बरं वाटायचं. सुरुवातीला नाही हं. सुरुवातीला मी नमस्कार केला तरी मान वर होत नसे. मी म्हटलं असेल बुवा घमेंड. नंतर कळलं, घमेंड नव्हे, मान उचलण्याइतकी ताकदच नव्हती. मग हळूहळू हात वर करायला लागले. मग थांबायला लागले माझ्यापाशी. एकदा मीच विचारलं, रोज येऊन काय मिळतं हो तुम्हाला? म्हणाले, डोक्यात सारखा गाळ ढवळल्यासारखा असतो, इथं तासभर बसलं की तो तळाला बसतो, मग दिवस काढता येतो.

सासरे : असं म्हणाला?

राखणदार : ह्याच शब्दांत. मला त्यात काय कळणार? मी आपला हो म्हटलं. पण नंतर मीही अधूनमधून बसायला लागलो, काम आटपलं की. खोटं नाही, उतरतं काहीतरी. बरे आहेत ना आता ते?

सून : ते...

राखणदार : नाही, यायचे बंद झाले तेव्हा पहिले आठ दिवस मी वाट पाहिली. मग मला आनंदच झाला. इथं असे बरेच येतात. दुःखात येतात, बरे झाले की तोंड दाखवत नाहीत. राग नाही येत आपल्याला. कामाला लागला असेल माणूस, म्हटलं, सुटला एकदाचा. आले नाहीत म्हणजे बरेच असणार.

सासरे : तो गेला.

राखणदार : परगावी?

सासरे : वारला. सात महिने झाले.

राखणदार : अरे. अरेरे. काय वय होतं ते. कशानं हो?

सून : बाबा, राहू द्या. चला, निघू आपण.

सासरे : थांब. आमच्या आळीत मी सगळ्यांना सांगितलंय की झोपेत झटका आला. रोज कुणीतरी विचारतं, रोज तेच सांगतो. तुम्हाला तेच सांगणार होतो, जिभेवर आलंही होतं. तसं नव्हतं. त्यानं स्वतःच जीव दिला. इथं यायचं थांबल्यावर दोन महिन्यांनी.

राखणदार : आणि मी म्हणत होतो सुटला.

सून : तुम्हाला कसं कळणार होतं.

राखणदार : मला नावसुद्धा ठाऊक नाही त्यांचं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चार महिने रोज भेटलो. एखादा निरोप धाडायला हवा होता मी दुकानात, की का हो, दिसत नाही. दुकान कुठल्या रस्त्याला ते सांगितलं होतं त्यांनी.

सून : असं नका म्हणू. त्याला मान वर करून हात करावासा वाटला असा तुमच्याखेरीज एकही माणूस नव्हता त्या दिवसांत. आम्हीही नव्हतो.

राखणदार : मी जातो जरा पलीकडे. बसा तुम्ही. अकराला फाटक लावतो मी, झाडांना पाणी द्यायचं असतं. पण आज तुम्ही उठाल तेव्हाच लावीन. घाई करू नका.

सासरे : गेला का?

सून : हो. वाफ्याशी जाऊन पाठमोरा उभा आहे.

सासरे : तोंडातून निघून गेलं माझ्या.

सून : बरं झालं.

सासरे : तुला आवडत नव्हतं ना, मी झटक्याचं सांगायचो ते?

सून : लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवलंत. पण ते ऐकताना दर वेळी मला वाटायचं की तो आजारी होता, तो झगडत होता, ते सगळं कुणीतरी पुसून टाकतंय. चार महिने किती झगडला तो. रोज उठून, बूट घालून, एवढं चालून यायचं, तेही ज्याला अंथरुणातून पाय खाली टाकवत नव्हता त्यानं.

सासरे : त्याच्या चिठ्ठीवर काय होतं, आठवतं तुला?

सून : गोळ्या होत्या दोन. खाली लिहिलं होतं, रोज एक तास, झाडांमध्ये, फोन बंद ठेवून. आणि चार महिन्यांनी पुन्हा दाखवणे.

सासरे : मी जन्मभर डॉक्टरांची अक्षरं लावली. कोंबडीनं पाय ओढावेत तशी अक्षरं. तालुक्याहून माणसं नुसती वाचून घ्यायला यायची माझ्याकडे. आणि ही चिठ्ठी, शाळेतल्या मुलीनं लिहावी अशी स्वच्छ, मला वाचता आली नाही. मी काय वाचलं? चार महिने. बस. ते पुन्हा दाखवणे माझ्या डोळ्यांनी गिळलं. दुकानात चार महिने लिहिलं म्हणजे चार महिने, पुढची पट्टी द्यायची नाही. कोर्स झाला की चिठ्ठी खिळ्यावर.

सून : माहीत आहे मला.

सासरे : त्या दिवशी कुणाचं तरी पोर काउंटरवर चढून बसलं होतं आणि तो त्याच्याशी हसत होता. किती दिवसांनी हसला होता. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. म्हटलं, ठणठणीत झालास की रे. दाखव चिठ्ठी. त्यानं पाकिटातून काढून दिली. आणि मी ती खिळ्यात खुपसली. म्हटलं, झालं तुझं औषध, उद्यापासून आठला ये.

सून : तापाची साथ होती. रांग रस्त्यापर्यंत जात होती.

सासरे : माझी बाजू घेऊ नकोस.

सून : घेत नाही. होतं ते सांगतेय.

सासरे : दिवसातून वीस वेळा मी लोकांना काय बजावतो? बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. हे तोंडपाठ आहे माझं, पट्टी कापता कापता म्हणतो. त्याला म्हणायचं सुचलं नाही. कारण ते मला औषध वाटलंच नाही. चिठ्ठी खिळ्यावर गेली तरी गोळ्या त्याच्या चालूच ठेवल्या मी, एक चुकू दिली नाही, स्वतः हातावर ठेवायचो. हे मात्र मला वाटलं, फिरणं आहे. रिकाम्या लोकांचं काम. चार महिने सोसलं, पुरे झालं.

सून : तो म्हणाला होता तुम्हाला. बाबा, अजून थोडे दिवस तळ्यावर जाऊ दे.

सासरे : म्हणाला.

सून : तुम्ही म्हणालात, फिरायचंच असेल तर रविवार आहे.

सासरे : म्हणालो.

सून : आणि रविवारी मुदत संपलेला माल वेगळा काढायचा असायचा.

सासरे : सगळं लक्षात आहे तुझ्या. मग सात महिन्यांत एक शब्द का बोलली नाहीस? ताट वाढतेस, गोळी हातावर ठेवतेस, पाण्याचा पेला देतेस. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मी रोज वाट पाहतो की आज बोलेल. त्यापेक्षा एकदा तोंडावर म्हणून टाक.

सून : काय म्हणू?

सासरे : तुला माहीत आहे.

सून : मला तुमचा राग येतो, बाबा. फार येतो. सकाळी तुमचा चहा गाळताना येतो. तुमचे कपडे वाळत घालताना त्याचे नसतात, तेव्हा येतो. आणि लगेच तुमचे हात दिसतात, पट्टी कापताना थरथरणारे, मग रागावताही येत नाही नीट. अर्धा राग आत राहतो. असं सात महिने.

सासरे : हं.

सून : हेच ऐकायचं होतं ना?

सासरे : हो. ऐकलं.

सून : मग पुढचंही ऐका. तुम्ही चिठ्ठी खिळ्यावर लावलीत तेव्हा मी कुठं होते?

सासरे : आत असशील.

सून : आत नव्हते. तुमच्या मागे, कंपनीला परत पाठवायच्या मालाच्या खोक्यापाशी बसले होते. मी सगळं पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबा. चिठ्ठी देताना तो माझ्याकडे पाहत होता, की मी काहीतरी म्हणेन. मी खाली मान घालून बाटल्या मोजत राहिले. कारण चार महिने सकाळची सगळी गर्दी मी आणि तुम्ही दोघांनी काढली होती आणि माझे पाय संध्याकाळी सुजायचे. मला वाटलं, चला, उद्यापासून तिसरा माणूस मिळेल. मला हायसं वाटलं. तुम्हाला निदान तो बरा झाला असं वाटलं होतं. मला ठाऊक होतं की अजून नाही. रात्री शेजारी मी झोपत होते त्याच्या.

सासरे : हे कुणाला सांगितलंस?

सून : डॉक्टरीणबाईंना, परवा. आणि आता तुम्हाला.

सासरे : त्या काय म्हणाल्या?

सून : म्हणाल्या, तो इथं येत राहिला असता तर वाचला असता असं त्या छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. कुणीच सांगू शकत नाही. एका गोष्टीवर माणूस जगत नाही आणि एका गोष्टीनं मरत नाही. मी विचारलं, मग याचा उपयोग होता की नव्हता? म्हणाल्या, ते चार महिने खरे होते. तेवढं तरी कुणाला नाकारता येणार नाही.

सासरे : चार महिने.

सून : हसला ना तो त्या दिवशी? ते इथलं होतं.

सासरे : तू त्या बाटल्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझे पाय सुजत होते हे मला कधी कळलंसुद्धा नाही. कळायला हवं होतं. घरात औषधाचं दुकान आणि सुनेचे पाय सुजतात.

सून : मी सांगितलंच नव्हतं.

सासरे : कुणीच काही सांगत नव्हतं कुणाला. सगळे आपले आठला हजर.

सून : बाबा.

सासरे : काय?

सून : मला रडायचंय. तो गेल्यापासून नीट रडायला मिळालं नाही. घरी तुम्ही असता, दुकानात लोक असतात. सगळे माझ्याकडे बघतात, ही सांभाळेल म्हणून.

सासरे : मी इथंही आहेच.

सून : असू द्या.

सासरे : मग रड, पोरी. मला कुठं जायचंय.